आमच्या क्लबचा हंगाम: तीन विजय, एक पाऊस आणि भरपूर अवांतर

नाणेफेक_हरलो (धागाकर्ता)

मंडळी, तीन मॅच, तीन विजय, सहा गुण आणि गुणतक्त्यात आम्ही पहिले! हे वाक्य सकाळपासून चार जणांना ऐकवून झालंय. आता घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

आमचा क्लब हौशी. म्हणजे पगार कोणालाच नाही, उलट वर्गणी भरून उन्हात उभं राहायचं. आठवडाभर जो तो आपापल्या कामाला, रविवारी पांढरे कपडे. दहा संघांची लीग, चाळीस षटकांचे सामने, प्रत्येकाशी एकदाच गाठ. विजयाला दोन गुण, बरोबरी झाली किंवा पावसात वाहून गेला तर एकेक. तळाचे दोन संघ खालच्या गटात जातात. आम्ही गेल्याच वर्षी खालून वर आलोय, त्यामुळे यंदा सगळ्यांनी आम्हाला वर्षभराचे पाहुणे धरलं होतं.

पहिल्या मॅचला आमच्या १७६. त्यांना १४५ वर गुंडाळलं. आमचे एक काका आहेत, वय ५२, ऑफस्पिन. चेंडूला इतकी उंची देतात की तो खाली येईपर्यंत फलंदाजाचा विचार दोनदा बदलतो. आठ षटकं, १९ धावा, चार बळी. दुसरी मॅच सोपी गेली, लक्ष्य १३३ होतं, पाच षटकं राखून झालं.

तिसरी मात्र नातवंडांना सांगण्यासारखी. १५९ हव्या होत्या आणि १३८ वर नववा गडी गेला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचा अकरा नंबर, ज्याची त्या दिवसापर्यंतची सर्वोच्च धावसंख्या ६. म्हटलं, हा मारणार नाही, तेव्हा आपणच पळायचं. नॉनस्ट्रायकरला असलो की गोलंदाजाचा हात वर जायच्या आतच मी निघालेला असायचो. बावीस यार्डांतले चार-पाच तर मी दर चेंडूला फुकटात कापत होतो. असल्या चोरट्या एकेरी धावांवर २१ धावा निघाल्या. विजयी धाव त्याच्या पोटरीला लागून आली, लेगबाय. दोन चेंडू शिल्लक होते. पोटरीवर वळ उठलाय आणि गडी तो सगळ्यांना दाखवत फिरतोय.

दर मॅचनंतर इथे लिहीन म्हणतो.

काठावरपास

अभिनंदन! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

अकरावा

वळ अजून आहे. फोटो टाकू का?

काठावरपास

नको.

थर्डमॅन

अभिनंदन. मी दुसऱ्या लीगमध्ये वीस वर्षं खेळतोय, म्हणून जरा विरजण घालतो, राग मानू नका. पहिले तीन रविवार सगळ्यांचेच चांगले जातात. बॅटला नवी ग्रिप असते, बूट पांढरे असतात आणि मुख्य म्हणजे सगळे येतात. खरी लीग चौथ्या रविवारी सुरू होते.

वहीवाली

या क्लबचं स्कोअरिंग मी करते. कॅप्टननी लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त एक आकडा राहिला. तीन मॅचमध्ये आपण ४९ वाइड टाकलेत. धागा अवांतर होऊ नये म्हणून इथेच थांबते.

नाणेफेक_हरलो

विजयाच्या दिवशी वही मिटून ठेवावी हो.

---

नाणेफेक_हरलो

चौथी मॅच. हरलो. थर्डमॅन, तुमच्या जिभेला काळा तीळ आहे का, ते एकदा आरशात बघा.

झालं असं. मंगळवारी ग्रुपवर 'कोण कोण येतंय' विचारलं तर चौदा जणांनी 'येतोय' लिहिलं. मी वर चेष्टा केली की तिघांना बसवावं लागणार. शुक्रवारी एकाच्या मेहुण्याचा साखरपुडा निघाला. शनिवारी रात्री एकाची पाठ धरली, दुसऱ्याला ऑफिसातून बोलावणं आलं. रविवारी सकाळी नाणेफेकीला मी गेलो तेव्हा मागे आठ जण उभे होते. मला धरून नऊ. अकरावा या आयडीने सकाळी सात वाजता 'कदाचित' असं लिहिलं आणि त्यानंतर फोन बंद.

नाणेफेक हरलो, हे वेगळं सांगायला नको.

नऊ जणांत क्षेत्ररक्षण लावणं म्हणजे आखूड पांघरूण. डोकं झाकलं की पाय उघडे. त्यांच्या कॅप्टनला दया आली, त्याने आपली राखीव दोन पोरं आम्हाला दिली. त्यातल्या एकाने लाँगऑनला पळत जाऊन असला झेल घेतला की काय सांगू, आणि आउट कोण झालं तर त्यांचाच कॅप्टन! पॅव्हेलियनकडे जाताना तो त्या पोराकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरणार नाही.

त्यांच्या ५ बाद २०१. आमच्या १३९, आठव्या विकेटला ऑलआउट. नववा एकटा उभा राहून बघत होता.

वहीवाली

वहीत त्या झेलापुढे 'झे. बदली' एवढंच आहे. त्या मुलाचं नाव लावायची सोय नाही, मलाच वाईट वाटलं. वाइड १६.

काठावरपास

भाबडा प्रश्न. नऊ जणांनी खेळायचंच कशाला? मॅच सोडून द्यायची.

थर्डमॅन

अहो, नियमच सांगतो की दोन्ही बाजू राजी असतील तर अकरापेक्षा कमी माणसांनीही सामना होतो. आणि सोडून देण्याचं म्हणाल, तर डिसेंबर १९४८ आठवा. रणजीत महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२, फक्त नऊ धावा लांब. समोरच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि गडी ४४३ वरच राहिला. पाऊणशे वर्षं होऊन गेली, पण त्या सामन्यातलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? समोरचे निघून गेले हे. नऊ तर नऊ, उभं राहिलेलं बरं.

अकरावा

मी 'कदाचित' लिहिलं होतं, 'येतोय' नाही. नीट वाचा.

---

नाणेफेक_हरलो

पाचवी. ५८ ऑलआउट. १९ षटकं. त्यांनी नऊ षटकांत दोन गडी गमावून केल्या. यावर मला काहीही लिहायचं नाही.

काठावरपास

वाईट वाटून घेऊ नका. भारत ॲडलेडला ३६ वर गारद झाला होता, १९ डिसेंबर २०२०. महिन्याभरात मालिका जिंकून आला.

डीप_पॉइंट

आणि १९८३! झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ आणि मग कपिलच्या १७५.

नाणेफेक_हरलो

ठरवलं होतं लिहायचं नाही, पण आता राहवत नाही. जगात कुठेही कुठलाही संघ ५८ वर आटोपला की अर्ध्या तासात कोणीतरी १९८३ काढतंच. अहो, ५ बाद १७ असताना तिकडे कपिल देव नाबाद होता. आमच्याकडे ५ बाद १७ असताना मी नाबाद होतो. हा फरक समजून घ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

डीप_पॉइंट

बरं, मग स्पष्टच बोलतो, मीही याच संघात आहे. पन्नाशी उलटलेली माणसं संघात ठेवून आपण दर मॅचला वीस धावा दान करतोय. स्लिपमध्ये उभं राहिलेला माणूस बाजूने गेलेल्या चेंडूकडे पाहुण्याला निरोप द्यावा तसा बघत राहतो. नवी पोरं बाहेर बसतात. मी कोणाचं नाव घेत नाही.

थर्डमॅन

प्रा. दि. ब. देवधरांनी वयाच्या ४८ व्या वर्षी रणजीत २४६ केल्या होत्या, तेही मुंबईविरुद्ध. वयाचं एवढं मनावर घेऊ नका.

संथगती_फिरकी

नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं, संघात पन्नाशीचा मी एकटाच आहे.

थर्डमॅन, देवधरांना मधे आणू नका, मला लाज वाटते. मी पंचवीस ओलांडलेल्या कुठल्याही मॅचचा आकडा मला तोंडपाठ आहे, इतक्या त्या कमी आहेत.

डीप पॉइंट, तुझं बरोबर आहे. वाकलो की उठायला मला वेळ लागतो. पण बाहेर बसलेली नवी पोरं कोण, ती दाखव. चौथ्या मॅचला नऊ जण होतो त्यात मी होतो. तू नव्हतास. मेहुण्याचा साखरपुडा चांगला झाला ना?

डीप_पॉइंट

…

काठावरपास

काकांना दंडवत.

---

नाणेफेक_हरलो

सहावी. पाऊस. आणि असा पाऊस की मी अजून आभाळाकडे रागाने बघतोय.

त्यांना १४८ वर रोखलं. आमची सलामीची जोडी कधी नव्हे ती पेटली होती, १२ षटकांत बिनबाद ६१. आणि मग तो आला. आमच्या लीगचा नियम असा की दुसऱ्या डावाची वीस षटकं झाल्याशिवाय निकाल नाही. वाट बघितली, टॉवेलने खेळपट्टी टिपायचा अचाट प्रयोग झाला, संध्याकाळी पाचला मॅच रद्द. एकेक गुण.

हातातला विजय आभाळाने नेला. आठ गुण झाले असते, झाले सात.

काठावरपास

पावसात लक्ष्य ठरवायची डकवर्थ-लुईस पद्धत नाही का लावत तुमच्याकडे? बिनबाद ६१ म्हणजे तुम्ही मैलभर पुढे होतात.

थर्डमॅन

लावलं असतं तरी उपयोग नव्हता. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतसुद्धा दुसऱ्या डावाची वीस षटकं व्हावीच लागतात, मगच ते गणित मांडतात. बारावर कोणी हात लावत नाही.

बाकी ही पद्धत यायच्या आधी काय होतं ते आठवा. १९९२ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, सिडनी. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या. बारा मिनिटांचा पाऊस पडला आणि परत आले तेव्हा एक चेंडू शिल्लक. फलकावर २२ दिसत होत्या, खरं लक्ष्य २१ होतं. जणू त्या एका धावेने काही फरक पडणार होता! पहिल्या डावात गोलंदाजी करणाऱ्या संघाची सर्वांत किफायतशीर षटकं वजा करायची, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे ज्यांनी चांगली गोलंदाजी टाकली त्यांनाच शिक्षा, आणि समोरच्यांचा फायदा. डकवर्थ-लुईस पहिल्यांदा वापरली गेली १ जानेवारी १९९७ ला. तिचं मर्म एवढंच की फलंदाजी करणाऱ्या संघाकडे भांडवल दोन प्रकारचं असतं, उरलेली षटकं आणि उरलेल्या विकेट. दोन्ही मोजा, मग लक्ष्य ठरवा.

संथगती_फिरकी

आमच्या लहानपणी भांडवल तीन प्रकारचं होतं. तिसरं म्हणजे चेंडू. तो ज्याचा, त्याचा संघ जिंकायचा.

वहीवाली

वाइड १८. पावसात वाहून गेलेल्या मॅचचेही मी मोजते.

---

नाणेफेक_हरलो

सातवी. ३ धावांनी हरलो. त्यांच्या १७१, आमच्या ९ बाद १६८.

३९ व्या षटकात आमचा नवा फास्ट बोलर फलंदाजीला होता. दुसऱ्या धावेला मी आतून 'येस' म्हणून ओरडतोय, तो अर्ध्यात थांबला, माझ्याकडे बघितलं, परत फिरला, पुन्हा निघाला. कबड्डी झाली नुसती. दुसऱ्या टोकाचा जमलेला फलंदाज धावबाद. तिथे मॅच गेली. मी कोणाला दोष देत नाही, पण तिथेच गेली.

पाचवा_स्टंप

तो फास्ट बोलर मीच. सॉरी सगळ्यांना. रात्रभर तीच धाव डोळ्यासमोर येत होती.

वहीवाली

कॅप्टन, राग मानू नका, वही समोर उघडी ठेवून लिहितेय.

त्यांच्या १७१ मध्ये २७ वाइड आहेत. २७ फुकटच्या धावा तर झाल्याच, वर वाइड षटकात धरत नाहीत, म्हणजे २७ चेंडू जादा टाकावे लागले. साडेचार षटकं. आपण चाळीस नाही, साडेचव्वेचाळीस षटकं टाकली. त्या वाइडनंतर टाकाव्या लागलेल्या चेंडूंवर किती गेल्या ते मी पेन्सिलने खुणा करून काढलं: आणखी ३१. मॅच तीन धावांनी गेली. ३९ व्या षटकात गेली असं म्हणायचं असेल तर म्हणा.

नाणेफेक_हरलो

हे मॅच चालू असताना सांगायचं ना!

वहीवाली

सांगितलं होतं. ड्रिंक्सला 'वाइड १४ झालेत' असं ओरडले. तुम्ही अंगठा दाखवलात.

पाचवा_स्टंप

२७ पैकी किती माझे?

वहीवाली

अकरा. बाकीचे सोळा ज्यांचे आहेत ते इथे वाचतायत, पण विचारत नाहीयेत.

पाचवा_स्टंप

सगळे लेगला जातात. नवा चेंडू आत येतो, मला आवडतो, पण येतो तो येतोच.

संथगती_फिरकी

मी फिरकीवाला, वेगाचं शास्त्र मला विचारू नये, पण मी सात मॅच मिडऑनला उभा राहून तुला बघतोय. तू क्रीजच्या पार कोपऱ्यातून टाकतोस. तिथून उजव्या फलंदाजाकडे चेंडूचा कोन आधीच आत, त्यावर इनस्विंग. दोन्ही मिळून तो लेगला जाणार नाही तर काय करेल? स्टंपच्या जवळून ये, ऑफस्टंपच्या बाहेर बघून टाक, स्विंगला त्याचं काम करू दे. दुसरं, तुझा डावा हात लवकर खाली पडतो. तो पडला की डोकं कलतं, डोकं कललं की मनगट वळतं. आणि तिसरं, तू रनअप मोजत नाहीस. रोज वेगळ्या जागेवरून सुरू करतोस. बुधवारी ये, पावलं मोजून चुना मारू.

पाचवा_स्टंप

येतो काका. सहा वाजता?

संथगती_फिरकी

साडेपाचला. सहाला माझा गुडघा झोपतो.

---

नाणेफेक_हरलो

आठवी. या मॅचबद्दल मी जरा शांत झाल्यावर लिहिणार होतो, पण दोन दिवस झाले तरी शांत होत नाहीये.

१६५ हव्या होत्या. ९ बाद १५५. मी ४७ वर नाबाद. दहा धावा, अकरा चेंडू. मी नॉनस्ट्रायकरला, समोर आमचा अकरा नंबर, म्हणजे अगदी तिसऱ्या मॅचचीच जोडी. गोलंदाज आला, मी निघालो, आणि त्या गृहस्थाने चेंडू टाकलाच नाही. थांबला, वळला, बेल्स उडवल्या. अपील.

आमच्या लीगला तटस्थ अंपायर नसतात, फलंदाजी करणाऱ्या संघाचे दोघे उभे राहतात. म्हणजे अंपायर आमचाच माणूस. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने त्यांच्या कॅप्टनला विचारलं, 'अपील ठेवणार का?' तो म्हणाला, 'ठेवणार.' आणि आमच्या माणसाने बोट वर केलं.

खिलाडूवृत्ती नावाची काही गोष्ट असते की नाही? एकदा ताकीद तरी द्यावी! तीन हार सोसल्या, पण ही हार हार नाही.

काठावरपास

अरेरे. हे मांकडिंग झालं, चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या नॉनस्ट्रायकरला बाद करणं. अगदी लाजिरवाणं. तीव्र निषेध.

थर्डमॅन

निषेध कोणाचा, ते आधी ठरवा. १३ डिसेंबर १९४७, सिडनी कसोटी. विनू मांकड यांनी बिल ब्राउनला असंच बाद केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउनला आधी ताकीद देऊन, मग बाद केलं होतं, तरी हा गडी कसोटीत पुन्हा निघालाच. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार खुद्द ब्रॅडमन, आणि त्यानेही पुढे मांकडचीच बाजू घेतली. नियम मोडणारा ब्राउन आणि बदनाम झालं मांकडचं आडनाव. हा कुठला न्याय? ऑक्टोबर २०२२ पासून तर हा प्रकार 'गैरखेळ' या ४१ व्या नियमातून काढून सरळ ३८ व्या, म्हणजे धावबादच्या नियमात टाकलाय. आता तो साधा रनआउट आहे. ताकीद द्यायचं बंधन नियमात नाही.

नाणेफेक_हरलो

नियम मलाही कळतो. मी भावनेबद्दल बोलतोय.

वहीवाली

'चार-पाच यार्ड मी दर चेंडूला फुकटात कापत होतो.' हे याच धाग्यात सर्वांत वर आहे. भावना तेव्हाही होती.

संथगती_फिरकी

बोट माझं होतं. कॅप्टनने नाव घेतलं नाही ते त्याचं सौजन्य, पण मी लपणार नाही.

मी गोलंदाजाच्या टोकाला उभा होतो. तू बाहेर होतास. थोडासा नव्हे, बॅट हवेत धरून दीड पाऊल बाहेर. त्याच्या आधीच्या दोन चेंडूंनाही होतास, मी बघत होतो, आणि हळू आवाजात 'मागे' असंही म्हणालो होतो. अंपायरने तेवढंही म्हणू नये खरं तर. त्या क्षणी माझ्या मनात आलं की नाही म्हणावं? आलं. सात गुणांवर आपण, गुडघ्यापर्यंत चिखलात. पण समोरचा पोरगा वीस-एकवीस वर्षांचा असेल, त्याने सगळं नियमाने केलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी नाही म्हटलं असतं तर तो आयुष्यभर सांगत फिरला असता की यांच्याकडे म्हातारा अंपायर उभा राहतो आणि खोटं बोलतो.

तू दोन दिवस माझा फोन उचलत नाहीयेस. काही हरकत नाही. रविवारी येतोस ना?

डीप_पॉइंट

काका, मागे स्लिपबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

संथगती_फिरकी

घेऊ नकोस. स्लिपला मी हलत नाही हे खरंच आहे.

नाणेफेक_हरलो

येतोय.

फोन उचलतो आता.

---

नाणेफेक_हरलो

नववी आणि शेवटची. परिस्थिती अशी होती: तळाचा संघ केव्हाच बुडालेला. आम्ही आठवे, सात गुण. आमच्या खाली नववे, सहा गुण. आम्ही जिंकलो तर वाचलो. आम्ही हरलो आणि ते जिंकले तर गेलो. दोन्ही मॅच एकाच वेळी, दोन वेगळ्या मैदानांवर.

नाणेफेक जिंकलो. हंगामातली पहिलीच. इतकं अनपेक्षित होतं की काय घ्यायचं हे ठरलेलंच नव्हतं, तोंडातून 'बॅटिंग' निघून गेलं. ९ बाद १४१. त्यांनी ३३ षटकांत चार गडी गमावून केल्या. रडारड नाही, वाद नाही, ते सरळ आमच्यापेक्षा चांगले खेळले. सकाळी अकराच्या अकरा जण आले होते, एक बारावाही होता, आणि तरी हरलो.

पाचवा स्टंपने मात्र मान उंच केली. आठ षटकं, दोन निर्धाव, २१ धावा, दोन बळी, वाइड एकही नाही. रनअपच्या सुरुवातीला चुन्याची रेघ आणि मिडऑनला काका ओठांनी पावलं मोजतायत, हे दृश्य मी बघितलं.

मॅच संपल्यावर कोणी बूट काढेना. सगळे वहीवालीच्या टेबलाभोवती. तिच्या ओळखीची एक मुलगी दुसऱ्या मैदानावर स्कोअर लिहीत होती, तिचा मेसेज यायचा होता. वीस मिनिटांनी आला. 'आमचे हरले.'

वाचलो! सात गुण, आठवा नंबर. हरून वाचलो. ओरडावं की गप्प बसावं ते कोणाला कळेना, शेवटी अकरावा एकटाच ओरडला.

काठावरपास

अभिनंदन?

थर्डमॅन

अभिनंदनच. वरच्या गटात दुसरं वर्ष मिळणं सोपं नसतं.

वहीवाली

वही बंद करण्याआधी थोडं.

नऊ मॅचमध्ये आपल्याकडून २३ वेगवेगळे खेळाडू खेळले. नऊच्या नऊ खेळलेले तिघेच: कॅप्टन, काका आणि पाचवा स्टंप. हंगामात १४३ वाइड टाकले. त्यातले शेवटच्या मॅचला फक्त सहा. आपल्या सर्वाधिक धावा कॅप्टनच्या, २२१. दुसऱ्या नंबरच्या फलंदाजाच्या १३८, म्हणजे वाइडपेक्षा पाच कमी.

आता तो पावसाचा गुण, ज्यासाठी कॅप्टन आभाळावर चिडले होते. तो नसता तर आपण आणि नववा संघ सहा-सहावर असतो आणि नेट रन रेट (दर षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक) बघितला गेला असता. आपला उणे ०.५७, त्यांचा उणे ०.३१. ऑलआउट झालं की षटकं पूर्ण चाळीस धरतात, त्यामुळे त्या ५८ धावा १९ षटकांत नव्हे, चाळीस षटकांत केल्याचं गणित मांडलं जातं. ती एक मॅच वगळून बघितलं तर आपला रेट उणे ०.१८ येतो. थोडक्यात, पाचव्या मॅचने आपण बुडणार होतो आणि सहाव्या मॅचच्या पावसाने काढलं.

नाणेफेक_हरलो

म्हणजे मी ज्याला शिव्या दिल्या त्यानेच…

वहीवाली

हो. पण दहा षटकं उशिरा आला असता तर निकाल लागून आठ गुण झाले असते, हेही वहीत आहे. तेव्हा शिव्या अगदीच वाया गेल्या नाहीत.

पाचवा_स्टंप

काका, पुढच्या वर्षी आहात ना?

संथगती_फिरकी

गुडघ्याला विचारून सांगतो. बुधवारी साडेपाचला मात्र आहे, आउटस्विंग राहिलाय तुझा.

डीप_पॉइंट

बुधवारी मीही आलो तर चालेल? स्लिपला उभा राहीन. कोणीतरी शिकायला हवं.

नाणेफेक_हरलो

यापुढे दर बुधवारी नेट्स, मॅच नसली तरी. साडेपाच वाजता. इथेच नावं लिहा म्हणजे वहीवालीला मोजता येतील.

पाचवा_स्टंप

येतोय.

डीप_पॉइंट

येतोय.

वहीवाली

येतेय. पेन्सिल घेऊन.

अकरावा

कदाचित.